पंचाहत्तर टक्क्यांची रेघ

जुलैत उल्हास नदी कल्याणजवळच्या मोहन्याच्या काठाशी येते तेव्हा ती खंडाळ्याच्या डोंगरातलं, कर्जत-नेरळचं, वांगणी-बदलापूरचं सगळं पाणी गोळा करून आलेली असते. उन्हाळ्यात याच मोहन्याच्या बातम्या वेगळ्या असतात. बंधाऱ्याशी जलपर्णी माजली, पाणी उपसणारे पंप अडचणीत आले, कल्याणकरांच्या नळाला वास येऊ लागला, अशा. पावसाळ्यात बातमी उलटते आणि शहाड-मोहने-आंबिवलीच्या सखल भागात लोक घरातलं सामान माळ्यावर चढवू लागतात. चारचाकी काही माळ्यावर चढवता येत नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. मुंबईच्या त्या आकड्यापुढे उल्हास खोऱ्याचं बुडणं बातम्यांत मागेच पडलं. २७ जुलै २०१९ रोजी मात्र तसं झालं नाही, कारण बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढलं गेलं आणि ती दृश्यं सगळ्या देशाने पाहिली. त्याच पुरात सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये नाकातोंडात पाणी जाऊन उभ्या राहिलेल्या गाड्यांचे फोटो काढले ते मालकांनी आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने. ते फोटो वर्तमानपत्रात येत नाहीत, पण पुढचे काही महिने मालकाचं आयुष्य त्यांच्याभोवती फिरतं.

पाणी ओसरलं की गाडीत गाळाची एक रेघ उरते. सर्व्हेअर आधी ती शोधतो. गालिचा उचलून पाहतो, सीटचा स्पंज दाबतो, दाराचं पॅड उघडायला लावतो. बोनेटखाली एअर फिल्टर काढून कागद ओला आहे का, हे पाहतो. फ्यूजच्या डबीत चिखल बसलाय का, हेही पाहतो. पाणी गालिच्यापर्यंत थांबलं असेल तर काम धुण्या-सुकवण्यावर निभावतं. सीटपर्यंत चढलं तर वायरिंगचा प्रश्न येतो. डॅशबोर्डपर्यंत गेलं असेल तर हल्लीच्या गाडीचे सगळे इलेक्ट्रॉनिक मेंदू पाण्याखाली गेले, असं धरून चालायचं. गॅरेजवाला एस्टिमेट लिहायला घेतो आणि पहिल्या पानावरच आकडा लाखाच्या वर जातो. शेवटी चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घासून त्याचा ठसा घेतला जातो. इथून पुढे ती गाडी एक क्लेम नंबर होते.

घाटात ट्रकखाली गेलेली गाडी आणि मोहन्यात बुडालेली गाडी यांत विम्याच्या दृष्टीने फारसा फरक नसतो. दोन्हींना एकच प्रश्न विचारला जातो: दुरुस्त करायची की टोटलमध्ये काढायची? उत्तर मालकाच्या इच्छेवर नसतं, गॅरेजच्या मतावरही नसतं. ते एका टक्केवारीवर असतं. २००२ च्या मोटार दरपत्रकाने घालून दिलेला नियम आजही पॉलिसीच्या कागदावर छापलेला असतो: गाडी बाहेर काढण्याचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला, तर गाडी टोटल लॉस धरायची. विम्याचे दर १ जानेवारी २००७ पासून टप्प्याटप्प्याने खुले झाले, खासगी कंपन्या वाढल्या, कॅशलेस आलं, मोबाइलवरून क्लेम आला. पंचाहत्तरची रेघ मात्र जागच्या जागी आहे.

आयडीव्ही म्हणजे पॉलिसीत जाहीर केलेली गाडीची किंमत. तुम्ही शोरूमला मोजलेले पैसे हा तिचा पाया नाही. पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरण करताना त्याच मॉडेलची कंपनीने लावलेली किंमत जी असेल, त्यातून वयानुसार घसारा वजा होतो. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एका वर्षापर्यंत १५, दोनपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची. हे ‘आपसात’ प्रत्यक्षात कसं होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे: एजंट फोनवर हप्ता सांगतो, मालक म्हणतो, ‘अजून काही कमी होतंय का बघा’, आणि कमी होतं. कारण आयडीव्ही खाली ओढली जाते.

या सौद्यात वाचतं किती? जुन्या दरपत्रकाचा साधारण तीन टक्क्यांचा हिशेब धरला, तरी आयडीव्ही पन्नास हजारांनी उतरवून हप्त्यात वाचतात दीडेक हजार रुपये, सवलती धरल्या तर त्याहूनही कमी. गाडी टोटल झाली की त्याच पन्नास हजारांचं भोक पडतं. हा सौदा डोळे उघडे ठेवून कुणी करणार नाही, पण तो डोळे उघडे ठेवून केलाच जात नाही.

आता आकड्यांत पाहू. समजा गाडीच्या मॉडेलची आजची किंमत ८ लाख आणि गाडीचं वय साडेतीन वर्षं. आयडीव्ही ४ लाख ८० हजार. पंचाहत्तर टक्क्यांची रेघ ३ लाख ६० हजारांवर. एस्टिमेट ३ लाख ४० हजारांचं आलं तर गाडी दुरुस्त होईल. ३ लाख ७० हजारांचं आलं तर टोटल. मधला फरक तीस हजारांचा, म्हणजे एखाद-दुसरा दरवाजा बदलायचा की डेंटिंग करून वापरायचा, एवढाच. म्हणून त्या एस्टिमेटवर सगळ्यांचाच डोळा असतो, आणि प्रत्येकाचा वेगळ्या कारणासाठी.

लोक समजतात की भांडण एकाच प्रकारचं असतं, कंपनी कमी देते आणि मालक जास्त मागतो. तसं नाही. दोन अगदी उलट्या तक्रारी एकाच गॅरेजच्या आवारात शेजारी-शेजारी उभ्या असतात. पहिला मालक म्हणतो, माझी गाडी टोटल करा. चासी वाकली आहे, एअरबॅग फुटल्या आहेत, ही गाडी सरळ करून दिली तरी मी बायकामुलांना तिच्यात बसवणार नाही. कंपनी म्हणते, खर्च सत्तर टक्क्यांतच बसतोय, दुरुस्त करून घ्या. दुसऱ्या मालकाची गाडी आठ-नऊ वर्षांची, जपून वापरलेली, सर्व्हिसिंग वेळेवर. बाजारात तशीच गाडी घ्यायला गेलं तर दोन लाख पडतील, पण पॉलिसीवर आयडीव्ही सव्वा लाख. पुढचा भाग चेपला, एस्टिमेट लाखाच्या वर गेलं आणि कंपनीने टोटल केली. त्याला गाडी हवी आहे, चेक नको. दोघांचंही दुःख खरं आहे. विम्याच्या कागदात मात्र या दुःखाला जागा नाही. दुसऱ्या मालकाचं नुकसान तर अपघाताच्या दिवशी झालेलंच नाही, ते झालं मागच्या नूतनीकरणाच्या दिवशी.

दुरुस्ती ठरली म्हणजे सगळं बिल कंपनी भरते, हाही गैरसमजच. प्लास्टिक, रबर, नायलॉनचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के कपात. फायबरच्या भागांवर ३० टक्के. काचेवर काही नाही. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयानुसार: सहा महिन्यांपर्यंत शून्य, मग ५, १०, १५, २५, ३५ असं चढत पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० आणि त्यापुढे ५० टक्के. रंगकामाच्या साहित्यावर पुन्हा निम्मी कपात. आधुनिक गाडीचं तोंड जवळपास सगळंच प्लास्टिकचं असतं, त्यामुळे बंपर, ग्रिल, हेडलाइट, फेंडर लायनर यांची यादी वाढत जाते तसा मालकाचा वाटाही वाढतो. ‘झिरो डेप’ नावाचं जादा कव्हर घेतलेलं असेल तर ही कपात बहुतांशी टळते. पण झिरो डेप म्हणजे गाडीची पूर्ण किंमत मिळण्याची हमी, असं समजणारे अनेक आहेत. टोटल लॉसमध्ये मिळते ती आयडीव्हीच, झिरो डेप असो वा नसो. नव्या गाडीची रस्त्यावर येईपर्यंतची किंमत, म्हणजे कर आणि नोंदणीखर्चासकट, हवी असेल तर ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ नावाचं वेगळं कव्हर लागतं आणि ते बहुधा पहिल्या काही वर्षांपुरतंच मिळतं.

त्यावर सक्तीची वजावट: पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्यावरच्या गाडीला २,०००. टोइंगला मूळ पॉलिसीत १,५०० रुपये. मुरबाड रस्त्यावरून क्रेन बोलावून गाडी कल्याणपर्यंत आणायला पंधराशेत कोण तयार होतं, हे कंपन्यांनी एकदा स्वतः फोन करून पाहावं.

पुराच्या गाडीत सर्वांत कडू भांडण इंजिनाचं. गाडी पाण्यात बंद पडली की माणसाचा हात आपोआप चावीकडे किंवा बटणाकडे जातो. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गॅरेजवाले याला नुसतं ‘लॉक झालं’ म्हणतात. इंजिन उघडलं आणि वाकलेला रॉड दिसला की कंपनीचं म्हणणं ठरलेलं: पूर हे नुकसानीचं कारण मान्य, पण रॉड पुराने वाकला नाही, तुम्ही सेल्फ मारल्याने वाकला. हे नंतर ओढवून घेतलेलं नुकसान, पॉलिसीत बसत नाही. मालकाचं म्हणणं असतं की पाण्याच्या मधोमध बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून बाहेर काढायचा प्रयत्न कुणीही करेल, त्यात बेफिकिरी कुठली? ग्राहक मंचांसमोर, आताच्या आयोगांसमोर, अशी प्रकरणं वर्षानुवर्षं येत राहिली आहेत. दरम्यान कंपन्यांनी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं जादा कव्हर विकायला काढलं. आधी फट दाखवायची आणि मग ती बुजवायचे पैसे घ्यायचे, हा धंदा पटो न पटो, नदीकाठी राहणाऱ्याने ते कव्हर घेतलेलं बरं. आणि गाडीत पाणी शिरल्यावर चावीला हात न लावता बॅटरीची वायर काढून गाडी ओढून नेलेली त्याहून बरी.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं तेव्हा बाजारपेठेत एकावर एक चढलेल्या गाड्या सगळ्यांनी पाहिल्या. त्या पुरानंतर विमा नियामकाने कंपन्यांना महाराष्ट्रातले दावे झटपट निकाली काढायला सांगितलं. मोठी आपत्ती आली की यंत्रणा अशी हलते. एकट्यादुकट्या अपघातात ती हलवायला मालकाला स्वतः कागद चालवावे लागतात.

कागदांचा नियम आता बराच स्पष्ट आहे. मोटारीचं नुकसान ५० हजार रुपयांहून जास्त असेल तर परवानाधारक सर्व्हेअरकडूनच पाहणी व्हावी लागते. २०२४ च्या परिपत्रकांनुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने सात दिवसांत निर्णय कळवायचा. कागद कमी पडले एवढ्या कारणावर दावा फेटाळता येत नाही. उशिरा कळवलं म्हणून खरा दावा यांत्रिकपणे नाकारू नका, हे तर नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकातच सांगितलं होतं. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागायचा अधिकार मालकाला आहे. हा अधिकार फार थोडे लोक वापरतात. टोटल का केली किंवा का केली नाही, कोणता भाग बदलायला मंजूर आणि कोणता फक्त दुरुस्तीला, हे सगळं त्या अहवालात असतं. फोनवरून ‘साहेबांनी इतकं पास केलंय’ एवढं ऐकून गॅरेजमध्ये भांडत बसण्यात अर्थ नाही. जो माणूस समोर असतो तो काही आकडा ठरवणारा नसतो.

सर्व्हेअरचा आकडा हा शेवटचा शब्दही नाही. एका ट्रकच्या अपघातात मालकाने दुरुस्तीची बिलं दाखवली होती आणि सर्व्हेअरचा आकडा त्याहून बराच खाली होता. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सविरुद्धच्या त्या प्रकरणात स्पष्ट केलं की सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा खरा, पण तो पवित्र किंवा बंधनकारक नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, २००८ मध्ये, ओरिएंटल इन्शुरन्सविरुद्धच्या दुसऱ्या प्रकरणात प्रश्न आयडीव्हीचा होता. गाडी टोटल झाली आणि कंपनी पॉलिसीतल्या किमतीपेक्षा खूप कमी पैसे देऊ लागली. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं: हप्ता घेताना जी किंमत मान्य केली, ती भरपाई देताना नाकारता येणार नाही. वर्षभरात पुन्हा घसारा लावायचा नाही, हे तर आता पॉलिसीच्या मजकुरातच आहे. तरीही ‘बाजारात या गाडीला एवढे येत नाहीत’ असं मालकाला ऐकवलं जातं. बाजार विचारात घ्यायची वेळ नूतनीकरणाची होती, आणि त्या वेळी कंपनीचाही फोन चालूच होता.

टोटल झाल्यावर गाडीचा सांगाडा उरतो. भंगारवाल्यांकडून त्याची बोली येते आणि कंपनी बहुतेकदा दोन रस्ते ठेवते: सांगाडा तुम्ही ठेवा, बोलीची रक्कम आयडीव्हीतून वजा होईल, किंवा सांगाडा द्या, पूर्ण रक्कम घ्या. आकडे दोन्हीकडे सारखेच दिसतात, म्हणून लोक घाईत सही करतात. गोम आरसी बुकात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी रद्दीसाठी द्यायची असते. गाडी एमएच-०५ ची असेल तर कल्याणच्या आरटीओत. तसं न करता सांगाडा चालू आरसीसह कुणाला दिला, तर त्याचा चासी नंबर चोरीच्या गाडीवर बसवला जाण्याची शक्यता असते. देशभरात पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्या आहेत. ती गाडी उद्या कुठे गुन्ह्यात सापडली तर पोलीस आधी ज्याच्या नावावर आरसी आहे त्याच्या दाराशी येतात. त्यामुळे चार हजार कमी मिळाले तरी चालतील, पण आरसी रद्द झाल्याचा कागद हातात आल्याखेरीज सांगाडा सोडू नये.

गाडीवर कर्ज असेल तर चेकवर पहिला हक्क बँकेचा. मुद्दल बाकी ५ लाख, आयडीव्ही ४ लाख ८० हजार, म्हणजे गाडी गेली आणि वीस हजारांचं देणंही उरलं. पहिल्या दोन-तीन वर्षांत, जेव्हा कर्जाच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो, तेव्हा हे सर्रास घडतं.

आणखी एक वर्ग आहे, ज्याच्यासाठी हा सगळा लेखच निरुपयोगी ठरतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. वर्ष झालं की तो संपतो, पण पॉलिसीच्या कागदावर तीन वर्षांपुढची तारीख झळकत असते. वाहतूक पोलीस तीच तारीख बघतो आणि सोडतो. मालकालाही वाटतं विमा चालू आहे. गाडी पाण्यात गेली की कळतं, चालू होता तो दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा. तशीच गत बाहेरून सीएनजी किट बसवून पॉलिसीत नोंद न करणाऱ्यांची आणि खासगी गाडी भाड्याने फिरवणाऱ्यांची. पॉलिसीत लिहिलेल्या वापराबाहेर गाडी सापडली की कंपनीच्या हातात आयतं हत्यार मिळतं. न्यायालयांनी अशा काही प्रकरणांत पूर्ण नकार न मानता ७५ टक्क्यांपर्यंत भरपाई द्यायला लावली आहे, पण त्यासाठी न्यायालयापर्यंत जावं लागलं.

भांडायचंच ठरलं तर क्रम ठरलेला आहे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. ठाणे जिल्ह्यातल्या ग्राहकाला आता सांताक्रूझला जावं लागत नाही, लोकपालांचं कार्यालय ठाण्यात आहे. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही, किंबहुना वकिलाला उभंच राहता येत नाही. दाव्याची मर्यादा २०२३ पासून ५० लाख रुपये, म्हणजे मोहन्यातल्या बहुतेक गाड्या त्यात आरामात बसतात. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. दुसरा मार्ग ठाण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. तिथली पात्रता दाव्याच्या रकमेवर नव्हे, भरलेल्या हप्त्यावर मोजली जाते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. कारचा हप्ता पाच लाख असलेला माणूस मोहन्यात शोधून सापडायचा नाही, म्हणजे इथेही दार फुकटच उघडं आहे. वेळ मात्र लागतो, तारखा पडतात.

मधल्या काळात गाडी गॅरेजमध्ये उभी असते. वाद लांबला की गॅरेजवाला दिवसाचं पार्किंग लावतो आणि ते कंपनी देत नाही. मालक थकतो, आणि नेमका तेव्हाच समोर डिस्चार्ज व्हाउचर येतं: अमुक रक्कम पूर्ण व अंतिम म्हणून स्वीकारली, खाली सही. पैशांची गरज असते, सही होते. नियामकाने २४ सप्टेंबर २०१५ च्या परिपत्रकाने कंपन्यांना बजावलं आहे की अशी सही घेतल्याने ग्राहकाचा पुढे दाद मागण्याचा हक्क बुडत नाही. म्हणजे आज मिळते ती रक्कम घ्यावी, व्हाउचरवर ‘हक्क राखून’ असं हाताने लिहावं, त्याचा फोटो काढून ठेवावा आणि उरलेल्या रकमेसाठी भांडत राहावं. लोकपालांकडे जायची मुदत कंपनीच्या नकारापासून एक वर्ष, ग्राहक आयोगाकडे दोन वर्षं.